कुंडीत झणझणीत मिरची: बी रुजवण्यापासून दुसऱ्या वर्षीच्या छाटणीपर्यंत

कुंडीतली मिरची दुर्लक्षाने कमी मरते आणि लाडाने जास्त. रोज सकाळी तांब्याभर पाणी, दर रविवारी मूठभर खत, कोणीतरी सांगितलं म्हणून चहाचा चोथा, अजून कोणी सांगितलं म्हणून अंड्याची टरफलं, आणि मग दोनेक महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो की झाड बघा किती हिरवंगार झालंय पण एक मिरची लागेना, नाहीतर पानं सगळी मुरगळलीत काय करू. दोन्हीची कारणं साधी आहेत आणि सापडतातही, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. हे सगळं पुणे-नाशिक-कोल्हापूरकडच्या गच्ची-बाल्कनीचा विचार करून लिहितोय. कोकण आणि विदर्भवाल्यांना जिथे वेगळं करावं लागेल तिथे तसं सांगितलंय.

आधी जात ठरवा

नर्सरीत "तिखट मिरची द्या" म्हटलं की जे हातात पडतं ते बऱ्याचदा कुठलंतरी हायब्रीड असतं. वाईट नसतं, पण तिखटपणाची खात्री नाही. घरासाठी सगळ्यात बिनत्रासाची म्हणजे ज्वाला, दिल्लीच्या पुसा संस्थेची जुनी जात. झाड बुटकं आणि पसरट, मिरची लांबट, वाकडी, सुरकुतलेली, फिकट हिरवी, चांगली तिखट. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले ज्योती मिळाली तर जरूर घ्या, तिला मिरच्या झुपक्याने लागतात. खरा जाळ पाहिजे असेल तर लवंगी, जी चिमूटभर आकाराची असते आणि खर्ड्यात दोन जास्त पडल्या की जेवणाचा कार्यक्रम तिथेच संपतो. गोव्याकडे काणकोणची खोला मिरची आणि पेडण्याकडची हरमल मिरची या दोन्हींना जीआय मानांकन (त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद) आहे, नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीलाही आहे, तिकडच्या कोणाकडून बी मिळालं तर सोडू नका.

ब्याडगी मात्र तिखटासाठी लावू नका, ती रंगासाठी असते. संकेश्वरी लावता येते पण ती वाळवून मसाल्यात घालायची मिरची, चार कुंड्यांत वर्षाचा मसाला काही निघत नाही.

आता भूत जोलोकिया. ईशान्य भारतातली ही मिरची २००७ मध्ये गिनीजच्या यादीत जगातली सगळ्यात तिखट म्हणून आली, १० लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर. नंतर २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर आणि २०२३ मध्ये जवळजवळ २७ लाखांवाली पेपर एक्स आली. पैजा लावायला ठीक आहे, पण रोजच्या पोह्यात आणि वरणाच्या फोडणीत जोलोकिया घालणारा माणूस मला अजून भेटायचाय. शिवाय हिचं बी रुजायला दोन ते चार आठवडे घेतं आणि झाड मिरचीवर यायलाही बराच वेळ लावतं. पहिल्यांदा लावत असाल तर ज्वाला किंवा लवंगीच घ्या.

बी

डब्यातल्या सुक्या मिरचीचं बी रुजतं का? उन्हात वाळवलेली आणि त्याच वर्षीची असेल तर बहुतेक वेळा रुजतं. भाजलेली किंवा जुनाट असेल तर नाही. भाजीवाल्याकडच्या हिरव्या मिरचीचं बी कोवळं असतं, ते टाकून दोन आठवडे मातीकडे बघत बसण्यात अर्थ नाही. त्याच भाजीवाल्याकडे एखादी पूर्ण लाल झालेली दिसली तर ती मागून घ्या, तिचं बी चालतं. फक्त मूळ मिरची हायब्रीड असेल तर पुढचं झाड आईसारखं निघेलच असं नाही.

पेरायची वेळ आपल्याकडे दोनदा चांगली येते. गणपतीच्या आसपास पेरलं तर दसऱ्याच्या सुमाराला रोप कुंडीत जातं आणि डिसेंबरात मिरच्या सुरू होतात. दुसरी वेळ संक्रांतीनंतरची, पण त्यात फुलं नेमकी एप्रिल-मेच्या उन्हात येतात, त्यामुळे नागपूर-अकोल्याकडे असाल तर पहिलीच वेळ धरा. लंडन-न्यूजर्सीवाल्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात खिडकीशी पेरावं आणि शेवटचं हिमतुषार पडून गेलं, रात्री जरा उबदार झाल्या की मगच कुंडी बाहेर काढावी.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सीडलिंग ट्रे नसेल तर खाली भोक पाडलेले कागदी कप घ्या, त्यात निम्मं कोकोपीट आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत. बी अर्धा सेंटिमीटर खोल, कपात दोन. वरून फवाऱ्याने पाणी, धार नको. मिरचीला रुजायला ऊब लागते, २५ ते ३० अंश असेल तर ज्वाला सात ते दहा दिवसांत वर येते, थंडीत दुप्पट वेळ घेते. तेव्हा फ्रिजवरची जागा किंवा देवघराचा कोपरा चालतो, पण एक लक्षात ठेवा, पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी कप उजेडात. दोन दिवस जरी अंधारात राहिला तरी रोप बारीक दोऱ्यासारखं लांबतं आणि मग ते कधीच नीट भरत नाही.

या वयात रोपं जातात ती बुडाशी कुजून. सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी मातीच्या रेषेवर चिमटा घेतल्यासारखं बारीक होऊन आडवं पडतं. ते वाचत नाही, काढून टाका. बाकीच्यांसाठी पाणी कमी करा, हवा खेळू द्या, आणि मिश्रण करतानाच चमचाभर ट्रायकोडर्मा पावडर (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घातली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

कुंडी आणि माती

एका झाडाला १२ इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग. दहा इंचात लवंगी कशीबशी निभते. एका कुंडीत तीन रोपं लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, त्यातून तीन किडकिडीत झाडं मिळतात. तेलाचा १५ लिटरचा डबा उत्तम, बुडाला पाच-सहा भोकं पाडा आणि डबा दोन विटांवर ठेवा, नाहीतर भोकं फरशीला टेकून बंद होतात आणि तुम्हाला वाटत राहतं की ड्रेनेज आहे.

मातीचं प्रमाण: चार भाग बागेची लाल किंवा पोयटा माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत, तीन भाग कोकोपीट. कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. शेतातली काळी माती कुंडीत भरू नका, ती ओली झाली की चिखल आणि वाळली की भेगा. शेणखत कुजलेलं आहे का ते हातात घेऊन बघा, वास येत असेल किंवा गरम लागत असेल तर अजून महिनाभर पडू द्या.

लावणी

रोप वीतभर झालं, सहा-आठ पानं आली की कुंडीत न्यायचं. साधारण पाच-सहा आठवड्यांचं असतं. त्याआधी आठवडाभर रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवा, एकदम दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडतात. लावणी संध्याकाळी करा, कपातला मातीचा गोळा न फोडता.

ऊन रोज सहा तास थेट हवं. चार तासांत झाड जगतं पण मिरची मोजून येते. बाल्कनी उत्तरेकडची असेल तर खरं सांगायचं तर मिरचीचा नाद सोडा आणि पुदिना लावा, तो खुश राहील.

लावल्यानंतर दोनेक आठवड्यांनी झाड नवीन पानं काढायला लागलं की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण खुडा. त्याने बगलेतून फांद्या फुटतात आणि जितक्या फांद्या तितकी फुलं. ज्वाला आपणहून पसरते, तिला खुडलं नाही तरी चालतं, लवंगी आणि जोलोकियाला मात्र फायदा होतो. झाड अजून वीत-दीड वीतच असताना पहिल्या चार-पाच कळ्या आल्या तर त्याही काढून टाका.

पाणी

शेतकरी वाफसा म्हणतात तो समजला की मिरचीचं निम्मं काम झालं. वाफसा म्हणजे माती ओलसर आहे पण तिच्यात हवाही आहे, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोकरला की फुटतो, पाणी गळत नाही. मिरचीची मुळं उथळ आणि नाजूक असतात, सतत ओल्यात राहिली की कुजतात, आणि मजा अशी की मुळं कुजलेलं झाडही मान टाकतं आणि तहानलेलं झाडही मान टाकतं, म्हणून लोक कोमेजलेलं झाड बघून अजून पाणी घालतात आणि त्यात ते मरतं. त्यामुळे मान टाकलेली दिसली की आधी बोट मातीत खुपसा, दुसऱ्या पेरापर्यंत. आत ओल असेल तर पाणी बंद, कुंडी सावलीत. कोरडं असेल तर पाणी द्या, तासाभरात झाड उभं राहतं. भर दुपारी पानं थोडी लोंबणं वेगळं, संध्याकाळी ती आपोआप सरळ होतात, तिकडे लक्ष देऊ नका.

घालाल तेव्हा खालून बाहेर येईपर्यंत घाला, आणि मग वरचा इंच-दीड इंच वाळेपर्यंत हात लावू नका. थंडीत हे दोन-तीन दिवसांआड येतं, मेमध्ये रोज. उन्हाळ्यात मातीवर पाचट, वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन टाका. वॉटर प्युरिफायरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जातं म्हणून बरेच जण झाडांना घालतात, पण त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि कुंडीत ते साठत जाऊन पानांच्या कडा जळतात. ते फरशी पुसायला वापरा.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली किंवा छज्जाखाली घ्या. विदर्भात मार्चअखेरपासून ५० टक्केवाली हिरवी शेडनेट.

खत

कुंडी भरताना जे घातलंय ते तीन आठवडे पुरतं. मग दर पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत, वरची माती खुरप्याने हलकी उकरून. एवढं पुरतं. कृषी सेवा केंद्रातून विद्राव्य खत आणणार असाल तर आधी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्याला एकदा, आणि कळ्या दिसायला लागल्या की ते थांबवून नत्र नसलेलं ०:५२:३४ तेवढंच. पाकिटावर शेताचं प्रमाण लिहिलेलं असतं, कुंडीला त्याच्या निम्म्यावर राहा.

हिरवंगार झाड आणि मिरची शून्य, याचं उत्तर इथे आहे. नत्र जास्त झालं की झाड पानांतच रमतं, गडद हिरवी, मोठी, लुसलुशीत पानं, आणि त्या लुसलुशीत पानांवर मावा आणि फुलकिडे तुटून पडतात. म्हणजे जास्त खताने दोन्ही गोष्टी घालवल्या. असं झालं असेल तर महिनाभर खत पूर्ण बंद.

अंड्याच्या टरफलांबद्दल एकदाच लिहितो. मिरचीच्या टोकाला तपकिरी, चामड्यासारखा डाग पडतो तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने, हे खरं. पण मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा असतं, ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी कधी पूर आणि कधी दुष्काळ असं असेल तर ते टोकापर्यंत पोचत नाही. टरफलं कुजायला महिनेच्या महिने लागतात. पाणी नियमित करा, पुढच्या मिरच्या साफ येतात.

फुलं गळतात

थोडी गळणारच, झाड सगळी फुलं धरत नाही. सगळीच गळत असतील तर आधी तापमान बघा. दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री १५ च्या खाली गेलं की फुलं धरत नाहीत, त्यावर औषध नाही, हवा बदलली की फळधारणा सुरू होते. बंद काचेच्या बाल्कनीत वारा नसतो. मिरचीच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, परागकण हलून खाली पडले की काम होतं, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला फांदीला बोटाने दोन टिचक्या मारा.

पानं मुरगळली

चुरडामुरडा, बोकड्या, कोकडा, जिल्ह्यागणिक नाव वेगळं, आणि बहुतेक जण याला एकच रोग समजून एकच फवारा मारतात. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. खात्री करायची तर पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि शेंड्याला दोन टपल्या द्या. कागदावर पिवळसर-तपकिरी, स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघा पडतील आणि दोन सेकंदांनी त्या चालायला लागतील. कोरड्या, गरम हवेत हे फार वाढतात.

कडा खालच्या बाजूला वळल्या, पान लांबट आणि कडक झालं, देठ लांबलं, पानाची मागची बाजू तांबूस चकचकीत दिसायला लागली तर कोळी, म्हणजे माइट, जाळं विणणारा कोळी नव्हे. हा साध्या डोळ्यांना दिसत नाही, दहा पटीचं भिंग असेल तर शिरेच्या कडेला पारदर्शक ठिपके सरकताना दिसतात.

आणि पानं बारीक बारीक, पिवळट, एकमेकांत गच्च, झाडाची वाढच थांबलेली, झुडपाचा गुच्छ झालेला, तर तो विषाणू. तो पांढऱ्या माशीने आणलेला असतो आणि त्याला औषध नाही. कोणी काही विकत असलं तरी नाही. झाड उपटा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि बाजूच्या कुंड्या वाचवा.

फुलकिडे, मावा, पांढरी माशी यांना कडुनिंबाचं तेल: लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली तेल आणि थोडा भांड्याचा लिक्विड साबण, आधी तेल-साबण एकत्र घोटून मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि सगळं एकाच फवाऱ्यात जातं. मारायचं ते संध्याकाळी आणि पानाच्या खालून. वरून मारलेला फवारा म्हणजे पानाची आंघोळ, किडे सगळे खाली बसलेले असतात. पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीनदा, कारण एका फवाऱ्यात अंडी मरत नाहीत. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, पण कडक उन्हात नाही आणि तेलाच्या फवाऱ्यानंतर निदान दोन आठवडे नाही, पानं भाजतात. गंधक मारल्यावर पाकिटावर लिहिलेले दिवस मिरची तोडायची नाही. निळे आणि पिवळे चिकट सापळे टांगा, फुलकिडे निळ्यावर येतात, पांढरी माशी आणि मावा पिवळ्यावर. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांना दोष देऊ नका, वर कुठेतरी मावा बसलाय आणि त्या त्याचा चिकटा चाटायला चालल्यात.

आंबट ताकाचा फवारा बरेच जण मारतात. त्यामुळे नुकसान झालेलं मी पाहिलं नाही, पण एकदा कोळी बसलेलं झाड ताकाने सुधारलेलंही पाहिलं नाही.

पावसात शेंड्याकडून फांदी वाळत खाली येत असेल तर वाळलेल्या भागाच्या दोन इंच खाली, जिवंत भागात कापा आणि कात्री प्रत्येक कापानंतर डेटॉलने पुसा.

तिखटपणा वाढतो का

थोडा वाढतो. मिरच्या धरल्यावर पाणी जरा ताणलं, म्हणजे पानं किंचित लोंबेपर्यंत थांबून मग दिलं, तर मिरच्या कमी आणि लहान येतात पण तिखट लागतात. उन्हाळ्यातली मिरची पावसाळ्यातल्यापेक्षा जाळते ती बहुधा यामुळेच. पण जात मवाळ असेल तर तिला कितीही तहानलेली ठेवा, लवंगी होणार नाही.

तिखट बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतं, बियांना ते नुसतं लागतं. पोपटांना हे तिखट जाणवतच नाही, त्यामुळे गच्चीवर पोपट येत असतील तर लाल मिरच्या तुमच्या आधी तेच नेतील, झाडावर जुनी मच्छरदाणी टाका.

आणि ढोबळी मिरची शेजारी लावली म्हणून ढोबळी तिखट झाली असं जे सांगतात ते त्याच झाडाच्या फळात होत नाही. संकर झाला तरी तो बियांत असतो, ते बी पुढच्या वर्षी लावाल तेव्हा त्याचे रंग दिसतात.

तोडणी आणि पुढे

लावणीनंतर साधारण दोन-अडीच महिन्यांत हिरव्या मिरच्या तयार होतात, लाल व्हायला अजून तीनेक आठवडे. देठासकट कात्रीने काढा, ओढली तर फांदी मोडते, मिरचीचं लाकूड ठिसूळ असतं. ठेच्यासाठी हिरव्या असतानाच तोडत राहा, जितक्या तोडाल तितकी नवीन फुलं येतात, सगळ्या लाल होऊ दिल्या तर झाड थांबतं. लवंगी चिरताना आधी बोटांना तेल चोळा, कारण तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना किंवा लेकराला हात लावू नका. तोंड भाजलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, दही किंवा दूध.

बियांसाठी सगळ्यात निरोगी झाडावरच्या दोन-तीन मिरच्या पूर्ण लाल होऊ द्या, झाडावरच सुरकुतायला लागल्या की काढा, सावलीत वाळवा, बी कागदाच्या पाकिटात घालून वर जात आणि महिना लिहा. दोन-तीन वर्षं चांगलं टिकतं.

मिरची वर्षात मरायलाच पाहिजे असं नाही. मे संपता संपता झाड थकतं, तेव्हा उपटू नका. जूनच्या पहिल्या सरी आल्या की मुख्य फांद्या जमिनीपासून फूटभर ठेवून बाकी सगळं छाटा, रोगट आणि आत वळलेल्या फांद्या पूर्ण काढा, वरची दोन-तीन इंच माती काढून तिथे नवीन गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड भरा आणि कुंडी अशा ठिकाणी ठेवा जिथे ऊन येईल पण धो धो पाऊस लागणार नाही. दोनेक आठवड्यांत खोडावर हिरवे डोळे फुटतात. त्यातले बाहेरच्या बाजूचे पाच-सहा ठेवा, बाकीचे बोटाने चोळून काढा. चांगलं जपलेलं झाड असं दोन-तीन वर्षं चालतं, त्यानंतर मिरच्या लहान आणि कमी होत जातात, तेव्हा साठवलेलं बी काढा.